टॉर्शन बार पिळून थार उचलली आणि आता टायर खातेय: आधी उंची, मग अलाइनमेंट

आधी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं कशाबद्दल आहे ते कळेल. गाडी २०१३ ची थार सीआरडीई, फोर बाय फोर, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये पुढचे टॉर्शन बार टाइट करून गाडी साधारण दोन इंच उचलून घेतली, सोबत २४५/७५ आर १६ टायर टाकले. तेव्हापासून तीन वेळा व्हील अलाइनमेंट झाली, दर वेळी मशीनवर टो (वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) हिरवा आला, तरी ४,००० किलोमीटरमध्ये पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा गेल्या. गाडी डावीकडे ओढते, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग सतत सांभाळत बसावं लागतं, आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून खट्ट असा आवाज येतो. शेवटच्या प्रिंटवर कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा झुकाव) डावीकडे अधिक (प्लस) १.६ डिग्री आणि उजवीकडे अधिक १.१ आहे, कॅस्टरचा (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव) रकाना रिकामाच आहे. आणि विचारलंय की चौथ्यांदा चांगल्या ठिकाणी अलाइनमेंट करू का, की वरचे आर्म (चाक चेसीला जोडणारे सस्पेन्शनचे हात) बदलू.

भाऊ, दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको. तुमच्या गाडीचा आजार अलाइनमेंटचा नाहीये, उंचीचा आहे, आणि जोपर्यंत उंची ठीक होत नाही तोपर्यंत जगातल्या कुठल्याही मशीनवर चढवली तरी चार महिन्यांनी परत हेच. बावीस वर्षं हेच काम करतोय साताऱ्याकडे, जीपा, बोलेरो, थार, जिप्सी, आणि टॉर्शन बार पिळून आणलेल्या गाड्या इतक्या बघितल्यात की लांबून नुसत्या पुढच्या चाकांचा व्ही दिसला तरी काय झालंय ते कळतं.

टॉर्शन बार म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. या थारला पुढे कॉइल स्प्रिंग नाही आणि पाटेही (लीफ स्प्रिंग) नाहीत, चेसीला समांतर जाणारी एक पोलादी दांडी आहे दोन्ही बाजूंना, तिचं एक टोक सस्पेन्शनच्या आर्मला आणि दुसरं टोक क्रॉसमेंबरमधल्या अँकरला. चाक वर गेलं की दांडी पिळली जाते आणि तो पीळ चाकाला परत खाली ढकलतो, हीच तिची स्प्रिंग. अँकरला एक मोठा अ‍ॅडजस्टिंग बोल्ट असतो, तो आवळला की गाडी वर, सैल केला की खाली. पान्याचं काम, अर्ध्या तासाचं, एक रुपयाचा पार्ट लागत नाही, म्हणूनच सगळे करतात.

आता लोकांचा समज असा की बोल्ट आवळला की बार कडक होतो आणि म्हणून गाडी कडक वाटते. तसं नाहीये. बारचा कडकपणा त्याच्या जाडीवर, लांबीवर आणि धातूवर ठरतो, बोल्टवर नाही. बोल्ट फक्त सुरुवातीची जागा बदलतो. मग गाडी कडक का वाटते? कारण चाकाला वर-खाली व्हायला जी एकूण जागा आहे ती तेवढीच राहते, तुम्ही फक्त चेसी त्या जागेच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवता. समजा चाकाला एकूण सहा इंच प्रवास आहे, मूळ उंचीला त्यातला साडेतीन वर आणि अडीच खाली. तुम्ही दोन इंच उचलली की वर साडेपाच झाला आणि खाली उरला फक्त अर्धा इंच. म्हणजे खड्डा आला, चाक खाली जायला बघतंय, अर्ध्या इंचात त्याची हद्द संपली आणि आर्म थेट रबरी स्टॉपवर आपटला. तुमचा खट्ट आवाज तो हाच. स्पीडब्रेकर चढताना येत नाही, उतरताना येतो, कारण तेव्हा चाक लटकतं. काही गाड्यांत तर त्याच्याही आधी शॉकअब पूर्ण ताणला जातो आणि स्टॉपचं काम बिचारा शॉकअब करतो, मग चार-सहा महिन्यांत त्याचं वरचं बुश आणि सील दोन्ही जातात.

हे स्वतः तपासा, गॅरेजची गरज नाही. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड. हबच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा, दोन्ही बाजूंचं लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. मग चेसीला जॅक लावून पुढचं चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकं उचला आणि परत तेच अंतर मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे तुमच्या चाकाला खाली जायला उरलेली जागा. माझ्या हिशोबाने ती ४५ ते ५० मिलिमीटर तरी हवी, ४० च्या खाली गेली की मी गाडी खाली घ्यायला सांगतो, आणि तुमचा आवाज ऐकून मला वाटतं तुमची वीसच्या आसपास निघेल.

आता टायर. अधिक कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग बाहेर झुकलेला, समोरून बघितलं की दोन्ही चाकं मिळून व्ही दिसतो. गाडी वर गेली की खालचा लांब आर्म तिरका खाली झुकतो आणि चाकाचा तळ आत ओढतो, वरचा आर्म आखूड असल्यामुळे तो वेगळ्या वर्तुळात फिरतो, आणि दोघांच्या त्या भांडणात चाक सरळ राहत नाही. १.६ डिग्री हा आकडा कागदावर छोटा वाटतो म्हणून डोळ्यांनी बघायची जुनी पद्धत सांगतो, ओळंबा. गवंड्याचा ओळंबा फेंडरच्या कडेवरून चाकासमोर सोडा, रिमच्या वरच्या कडेपासून आणि खालच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. १६ इंची रिमवर १ डिग्री म्हणजे वर-खालच्या मापात ७ मिलिमीटरचा फरक. तुमच्या डाव्या चाकाला ११ च्या वर निघेल. तेवढं झुकलेलं चाक रस्त्यावर बाहेरच्याच कडेवर चालतं, मग ती कडा जाणार नाही तर काय होणार. आणि गाडी नेहमी ज्या चाकाला जास्त अधिक कॅम्बर असेल तिकडे ओढते, तुमचं डावं अर्ध्या डिग्रीने जास्त, वर आपले रस्ते डावीकडे उताराचे, पाणी वाहून जावं म्हणून, त्यामुळे ओढ दुप्पट वाटते.

टो हिरवा असूनही टायर का गेला याचं उत्तर मात्र नुसत्या कॅम्बरमध्ये नाही. टायरवर हात फिरवून बघा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. नुसत्या कॅम्बरची झीज गुळगुळीत असते. एका दिशेने हात सरकतो आणि उलट दिशेने ब्लॉकच्या कडा करवतीसारख्या टोचतात असं असेल तर टो पण चुकतोय. आणि मला जवळपास खात्री आहे की तो चालत्या गाडीत चुकतोय, मशीनवर उभ्या गाडीत नाही.

कारण असं. थारला रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आहे. रॅकपासून चाकापर्यंत जाणारी टाय रॉड मूळ उंचीला आर्मच्या तिरकसपणाशी जुळवून बसवलेली असते, म्हणजे चाक वर-खाली झालं तरी टाय रॉडचं टोक आणि आर्मचं टोक साधारण एकाच वर्तुळात फिरतात आणि चाकाची दिशा बदलत नाही. गाडी दोन इंच उचलली की सगळ्याच दांड्या जास्त तिरक्या होतात, आणि तिरकी दांडी थोडी जरी वर-खाली झाली तरी तिची आडवी लांबी पटकन बदलते. मग प्रत्येक उंचवट्याला चाक स्वतःच थोडं आत किंवा बाहेर वळतं, स्टिअरिंग हलवलेलं नसताना. यालाच बंप स्टिअर म्हणतात. ऐंशीच्या पुढे सारखं सांभाळावं लागतं ते यामुळे, वाऱ्यामुळे नाही आणि रुंद टायरमुळेही नाही. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी शांत उभी असते म्हणून तिथे टो हिरवाच येणार. ऑपरेटरला सांगून एक प्रयोग करा, बंपरवर दोन माणसं बसवून पुढची बाजू इंचभर दाबा आणि स्क्रीनवर टो बघा, मग जॅकने मूळपेक्षा इंचभर उचला आणि परत बघा. आकडा जितका नाचेल तितका तुमचा टायर रस्त्यावर घासतोय.

किती घासतोय त्याचा हिशोब एकदा केलेला बरा, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर करून दाखवतो. एक चाक सरळ दिशेपासून १ डिग्री जरी वळलेलं असेल तर प्रत्येक किलोमीटरला तो टायर साडेसतरा मीटर आडवा घासत जातो. अर्धी डिग्री धरली तरी ४,००० किलोमीटरमध्ये ३५ किलोमीटर. पस्तीस किलोमीटर टायर आडवा ओढत नेलाय डांबरावरून, म्हणजे साताऱ्यापासून वाईपर्यंत. कॅम्बरपेक्षा टो टायर लवकर खातो तो म्हणूनच.

मी स्वतः हे भोगलंय म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. २०१४ मध्ये माझ्या स्वतःच्या थारला अशीच उंची दिली होती, बोल्ट जवळजवळ शेवटपर्यंत, आणि पावसाळ्यात केळघर घाटातून महाबळेश्वरला जाताना उजव्या बाजूने कट-कट सुरू झालं. खाली वाकून बघितलं तर बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं (चाक वळलेलं असतानाही त्याला जोर पोचवणारा सांधा) रबर बूट घडीवर फाटलेलं, ग्रीस सगळं आर्मवर आणि रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं, आणि जॉइंटमध्ये चिखल. पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा गोळा) चेसीला बांधलेलं असतं, गाडी उचलली की ते वर जातं, चाक खालीच, मग मधली अ‍ॅक्सल शाफ्ट तिरकी होते आणि बूटाच्या घड्या एका बाजूला कायम ताणलेल्या आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांवर घासणाऱ्या. तिरक्या शाफ्टवर फोर बाय फोर लावून पूर्ण स्टिअरिंग वळवलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की जॉइंटवर सगळ्यात जास्त ताण. नवीन जॉइंट बसवला, गाडी सव्वा इंच खाली घेतली, त्यानंतर तो जॉइंट गाडी विकेपर्यंत चालला. ज्यांच्या गाडीत फिरवून लॉक करायचे हब आहेत त्यांनी रस्त्यावर हब फ्री ठेवावेत, शाफ्ट फिरतच नाही मग बूट घासायचा प्रश्न नाही.

मग तुम्ही करायचं काय. पहिलं काम, सस्पेन्शनचे सांधे तपासणं. सव्वा लाख किलोमीटरच्या गाडीला ढिल्या बॉल जॉइंटवर (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात. पुढचं चाक हवेत घेऊन, घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लावून, वर आणि खाली धरून हलवा, खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ब्रेक दाबून परत हलवा, खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग डावीकडे-उजवीकडे धरून हलवा, तिथला खेळ टाय रॉड एंड किंवा रॅकचं बुश. आर्मची बुशं पाहारीने हलवून बघायची, रबर फाटलंय का, आतली नळी सरकतेय का. मागे पण जा, पाट्यांचे यू बोल्ट आवळलेत का आणि मधला सेंटर बोल्ट शाबूत आहे का ते बघा, कारण तो तुटला की मागचा अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि सगळे पुढची अलाइनमेंट करत बसतात.

दुसरं काम, उंची खाली घेणं. इथे घाई नको. चेसी जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोडी लावा, पुढची चाकं पूर्ण लटकली पाहिजेत, कारण बारवर ताण असताना बोल्ट फिरवला की आटे जातात, आणि त्या बोल्टचे आटे गेले की पुढे फार मोठं काम निघतं. आधी वायर ब्रशने आटे साफ करा, ग्रीस लावा, बोल्टवर आणि अँकरवर रंगाची खूण करा म्हणजे किती फिरवलं ते कळेल. दोन्ही बाजू सारख्याच फेऱ्यांनी सैल करा, दोन-तीन फेऱ्या एका वेळी. मग गाडी खाली घ्या, आणि ही गोष्ट फार जण विसरतात, जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. लटकलेली चाकं आत ओढली गेलेली असतात, टायर जमिनीला पकडून बसतो आणि गाडी खोटी उंच दिसते. दहा-वीस मीटर पुढे-मागे करा, बंपर दाबून हलवा, मग टेप लावा. टाकी अर्धी भरलेली असू द्या, गाडीत नेहमी जे सामान असतं ते ठेवा.

तुमच्यासाठी माझं लक्ष्य असं राहील: मूळ उंचीपेक्षा इंचभर वर, फार तर सव्वा. बास. आणि मूळ उंची म्हणजे आत्ताची दोन इंच वजा केलेली नाही, हे लक्षात घ्या. बारा वर्षांत टॉर्शन बार थकतो, थोडा कायमचा पिळलेला राहतो, त्यामुळे उचलायच्या आधी तुमची गाडी कारखान्याच्या उंचीपेक्षा खाली बसलेलीच असणार, आणि तुमच्या दोन इंचांतला काही भाग म्हणजे नुसती ती बसलेली उंची भरून काढणं आहे. म्हणून उरलेल्या खालच्या जागेचं माप जास्त खरं, फेंडरच्या मापापेक्षा. ४५ मिलिमीटर मिळाले की थांबा.

दोन बाजूंत फरक येत असेल, एक बाजू एक सूत-दोन सूत खाली, तर लगेच तोच बोल्ट आवळू नका. आधी मागे जॅक डिफरन्शियलच्या बरोबर मध्याखाली लावून मागची बाजू उचला, म्हणजे मागचे पाटे हिशोबातून गेले. आता पुढे बघा. पुढची बाजू समान झाली तर दोष मागच्या थकलेल्या पाट्यात आहे, आणि तो पुढच्या बोल्टने काढायला गेलात तर एका चाकाचा कॅम्बर वेगळाच होऊन बसणार. तुमच्याकडे डावा-उजवा अर्ध्या डिग्रीचा फरक कदाचित असाच आलाय.

तिसरं काम अलाइनमेंट, आणि ती टो-अँड-गो वाली नको. बहुतेक ठिकाणी रिमला सेन्सर लावतात, टाय रॉड फिरवतात, हिरवं झालं की बिल. त्यात त्यांचीही पूर्ण चूक नाही, कॅम्बर-कॅस्टर सेट करायला वेळ लागतो आणि तेवढे पैसे कोणी देत नाही. तुम्ही आधीच सांगा की तिन्ही सेट करायचेत आणि आधीची-नंतरची दोन्ही प्रिंट हवीत, पैसे जास्त घ्या. क्रम ठरलेला आहे, आधी कॅस्टर, मग कॅम्बर, शेवटी टो, कारण पहिले दोन हलले की टो हलतोच. कॅस्टर मोजायला पुढची चाकं फिरत्या प्लेटवर डावी-उजवी वळवावी लागतात, प्लेटच्या पिना काढल्यात का ते उभं राहून बघा. तुमचा कॅस्टरचा रकाना रिकामा आहे म्हणजे हे कोणी केलंच नाही.

अशा जुन्या गाड्यांत कॅम्बर-कॅस्टर बदलायची सोय साधारण वरच्या आर्मपाशी असते, कुठे आर्मच्या शाफ्टच्या बोल्टखाली शिम (पातळ चकती), कुठे एक्सेंट्रिक बोल्ट. शिमचं तत्त्व सोपं आहे. पुढच्या आणि मागच्या बोल्टखाली सारख्या जाडीची शिम बदलली की फक्त कॅम्बर बदलतो, एकाच बोल्टखाली बदलली की आर्म पुढे-मागे फिरतो आणि कॅस्टर बदलतो. शिम वाढवल्यावर चाकाचा वरचा भाग आत जाईल की बाहेर हे शाफ्ट ब्रॅकेटच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर, म्हणून एक शिम हलवून आकडा कुठे जातो ते बघा आणि मग पुढचं ठरवा. तुमच्या गाडीला दोन इंचावर शिमची सगळी हद्द संपली असणार, म्हणून तर कोणी हात लावला नाही. इंचभर खाली आलात की त्याच शिममध्ये कॅम्बर बसेल, आणि हेच कारण आहे की मी आर्म बदलायला नको म्हणतोय. वेगळे वरचे आर्म किंवा बॉल जॉइंटखालचे स्पेसर यांचं काम आहे, पण ते गाडी उंचच ठेवायची ठरली असेल त्याच्यासाठी, आणि त्यांनी कॅम्बर सुधारतो, टाय रॉडचा आणि सीव्हीचा तिरकेपणा नाही सुधारत.

आकडे म्हणाल तर कंपनीच्या मॅन्युअलमधली हद्द पहिली. तिच्या आत राहून मी उचललेल्या गाडीला कॅम्बर शून्य ते अधिक अर्धा ठेवतो, डाव्या-उजव्यात अर्ध्या डिग्रीच्या वर फरक नाही, शक्यतो त्याच्याही निम्मा. एकूण टो आत १ ते ३ मिलिमीटर. कॅस्टर दोन्हीकडे सारखा, गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते हे लक्षात ठेवून, रस्त्याच्या उतारासाठी डावीकडे किंचित जास्त चालतो. स्टिअरिंग सरळ लॉक करून मग दोन्ही टाय रॉड सारख्या फिरवायच्या, एकीकडचीच फिरवली तर टो हिरवा येईल पण स्टिअरिंग वाकडं बसेल आणि एका बाजूला गाडी कमी वळेल.

कॅस्टरचा अजून एक हिशोब आहे जो जवळपास कोणीच करत नाही. या थारचा व्हीलबेस २,४३० मिलिमीटर, आखूड गाडी. पुढची बाजू एकटी ५० मिलिमीटर वर गेली की सगळी चेसीच मागे झुकते, साधारण १.२ डिग्री, आणि कॅस्टर तेवढा वाढतो. उलट मागची बाजू एकटी वर नेली की कॅस्टर तेवढा कमी होतो आणि गाडी हायवेला चंचल होते. तेव्हा उद्या कोणी मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी कडी) टाकायला सांगितलं तर आधी हे आठवा. शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच वर जाते, कारण अ‍ॅक्सल पाट्याच्या मध्यावर आहे, आणि शिवाय पिनियनचा कोन बदलून प्रोपेलर शाफ्ट थरथरायला लागते. मागे थकलेले पाटे नवीन कमानीचे करून घ्या, तेवढंच बरं.

तोच १.२ डिग्रीचा झुकाव तुमच्या हेडलाइटला पण लागू आहे. २५ मीटरवर उजेड अर्धा मीटर वर गेलाय. समोरून घाटात येणाऱ्या माणसाच्या थेट डोळ्यात. उंची बदलली की त्याच संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट खाली घ्या, हे राहू देऊ नका.

ब्रेकचे होजही बघा, चाक पूर्ण लटकवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून, होज ताणला जातोय का किंवा टायरला लागतोय का.

आता टायरबद्दल, कारण तुम्ही विचारलं नाहीत पण तिथेच तुमची खरी उंची आहे. मूळ २३५/७० आर १६ चा व्यास ७३५ मिलिमीटर, तुमच्या २४५/७५ चा ७७४. म्हणजे गाडी टायरने १९ मिलिमीटर वर गेली, आणि ही उंची मागच्या डिफरन्शियलखाली पण मिळते. सस्पेन्शन कितीही उचला, मागचा डिफ चाकांसोबतच राहतो, खडकाला पहिला तोच लागतो, त्याच्याखाली एक मिलिमीटर वाढत नाही. ताम्हिणीकडच्या ओढ्यात किंवा आमच्या कासच्या बाजूच्या चिखलात गाडी अडकते ती याच गोळ्यावर. तेव्हा इंचभर खाली आल्यामुळे तुमचं ऑफरोडिंगचं नुकसान फार नाही, उलट खालची जागा परत मिळाल्यामुळे आडव्या-तिडव्या चरात पुढचं चाक जमीन धरून राहील, आत्ता ते हवेत लटकत असणार आणि लॉक नसलेल्या डिफमुळे तेच हवेतलं चाक नुसतं फिरत असणार. फक्त स्पीडोमीटर साधारण पाच टक्के कमी दाखवतोय, ऐंशी दिसतात तेव्हा खरे चौऱ्याऐंशी असतात, आणि खाली घेतल्यावर टायर पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढवून, आतल्या पॅनलला किंवा चेसीला घासतोय का ते बघून घ्या. घासत असेल तर स्टिअरिंगचा लॉक स्टॉप थोडा आधी आणता येतो, बंप स्टॉप मात्र कापू नका. वर जाणाऱ्या चाकाला थांबवणारा तो एकच आहे.

पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. साठ-सत्तर किलो नाकावर आले की गाडी बसणारच आणि तेव्हा बोल्ट आवळून उंची परत आणणं बरोबर आहे, पण ती मूळ उंचीपर्यंतच. वजन कायमचं राहणार असेल तर जाड बार हा खरा इलाज. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे १० टक्के जाड बार जवळजवळ दीडपट कडक, त्यामुळे थोडासाच जाड घ्या. आणि बार काढताना डावा-उजवा खूण करून ठेवायचा, बहुतेक बारवर तशी खूण असतेच, दोन्ही ज्या दिशेला पिळलेत त्याच दिशेला कायम राहिले पाहिजेत, अदलाबदल झाली तर तडा जायचा धोका असतो.

जिप्सी किंवा जुन्या एमएम ५४० वाल्यांचे सल्ले मात्र तुमच्या गाडीला लावू नका. त्यांना पुढे पाटे आणि सलग अ‍ॅक्सल, तिथे उचलून कॅम्बर बदलतच नाही, त्यांचा प्रश्न कॅस्टरचा आणि ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंगची दांडी) तिरकेपणाचा, आणि त्यावर पाट्याखाली पाचर घालून काम होतं. गाडी वेगळी, इलाज वेगळा.

कायद्याचं एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हे काढतात. त्यामुळे मी कुणालाही कापाकापी, वेल्डिंग, चार-पाच इंच असलं काही करून देत नाही.

जुने टायर फेकू नका, अलाइनमेंट झाल्यावर ते मागे टाका आणि मागचे पुढे घ्या, म्हणजे नवीन सेटिंग कशी खातेय ते स्वच्छ दिसेल, झिजलेला टायर पुढे ठेवलात तर तो स्वतःच गाडी ओढतो आणि परत शंका येते. ५०० किलोमीटर चालवून सगळे बोल्ट एकदा आवळून घ्या, टेपने परत मोजा, बार एक-दोन सूत बसला असेल तर भरून काढा आणि टो एकदा तपासा. त्यानंतर १,००० ला टायरवर हात फिरवा. आणि खाली घ्यायच्या आधी ते लटकत्या चाकाचं माप घेऊन कळवा, दोन्ही बाजूंचं, मग किती फेऱ्या सैल करायच्या ते नेमकं सांगतो.